गाडी परदेशातली, कायदा इथला

वाचकांचे प्रश्न

परदेशातून गाडी आणणं आणि मग तिच्यात बदल करणं, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक इथे घेतली आहेत. ती वेगवेगळ्या देशांतून आली आहेत, पण बहुतेकांत घोळ एकच आहे. गाडी आत येताना सवलत मिळते ती तिच्या वयावर आणि ती मूळ अवस्थेत आहे म्हणून. मग हातात पाना आला की आपण नेमकी तीच अट मोडून बसतो.

प्रश्न: मी अमेरिकेत राहतो. जपानमधून एक स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. विक्रेता म्हणतो, ती '2002 मॉडेल' आहे, म्हणजे 2027 लागलं की आणता येईल. कागदावर 'हेइसेइ 14, दहावा महिना' असं लिहिलं आहे. जानेवारीत बोटीवर चढवू का?

नको. 1988 च्या कायद्यानुसार 25 वर्षांची गाडी अमेरिकी सुरक्षा मानकांतून सुटते, पण ही 25 वर्षं मॉडेलच्या सालापासून मोजत नाहीत. ती उत्पादनाच्या तारखेपासून, म्हणजे महिना धरून मोजतात.

आधी कागद वाचू. जपानी कागदांवर साल राजवटीचं असतं. हेइसेइच्या आकड्यात 1988 मिळवा, शोवाच्या आकड्यात 1925, रेइवाच्या आकड्यात 2018. हेइसेइ 14 म्हणजे 2002, दहावा महिना म्हणजे ऑक्टोबर. मात्र जपानी नोंदणीपत्रावरची ही तारीख बहुतेक वेळा पहिल्या नोंदणीची असते, उत्पादनाची नव्हे. गाडी कारखान्यातून जुलैत निघून शोरूममध्ये तीन महिने उभी राहिलेली असू शकते. तसं असेल आणि उत्पादकाच्या पट्टीवरून किंवा चासी नंबरच्या नोंदीवरून जुलै 2002 सिद्ध करता आलं, तर ती जुलै 2027 पासून चालेल. तो पुरावा नसेल तर नोंदणीचा कागदही ग्राह्य धरतात, पण मग ऑक्टोबर 2027 पर्यंत थांबायला हवं. सीटबेल्टच्या लेबलावरची किंवा काचेवरची तारीख ही त्या सुट्या भागाची असते. तिच्यावरून अंदाज बांधा, पण ती पुरावा म्हणून पुढे करू नका.

वेळेआधी बंदरात उतरलेली गाडी 'दोन महिनेच राहिलेत' म्हणून सोडत नाहीत. ती परत पाठवायची किंवा नष्ट करायची, एवढेच पर्याय उरतात आणि तोवर गोदामभाडं चढत राहतं.

कागद असे लागतील: जपानचं निर्यात-नोंदणीरद्द प्रमाणपत्र व त्याचं इंग्रजी भाषांतर, विक्रीपावती, बिल ऑफ लेडिंग (माल बोटीवर चढवल्याची जहाज कंपनीची पावती), वाहतूक खात्याचा एचएस-7 फॉर्म, पर्यावरण संस्थेचा 3520-1 फॉर्म आणि कस्टम्सचा 7501. बोटीवर माल चढण्याच्या किमान 24 तास आधी आयातदाराची सुरक्षा-माहितीही दाखल व्हावी लागते. ती चुकली तर 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हे काम कस्टम्स ब्रोकर करतो, पण त्याने ते केलं की नाही हे विचारायचं काम तुमचं.

मूळ आयात शुल्क मोटारीवर 2.5 टक्के आणि ट्रकवर 25 टक्के आहे. ट्रकचा हा दर 1964 पासून चालत आला आहे आणि जपानचा चिमुकला केइ ट्रकही त्याच रांगेत बसतो. वरची जादा शुल्कं बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा एकूण दर ब्रोकरकडून लेखी घ्या.

दोन गोष्टी अगदी साध्या आहेत आणि तरीही चुकतात. पहिली माती. गाडीचा तळ, चाकांच्या कमानी आणि सस्पेन्शनच्या आर्म वाफेने धुऊन घ्या. परकी माती दिसली की गाडी अडते. दुसरा चासी नंबर. जपानी नंबर 17 अंकी नसतो, त्यात मॉडेलचं सांकेतिक नाव, मधे आडवी रेघ आणि पुढे क्रमांक असतो. राज्याच्या नोंदणी कार्यालयाचा संगणक 17 स्थानं मागतो म्हणून पुढे शून्यं जोडू नका. बल्कहेडवर (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावर) ठोकलेला नंबर सगळ्या फॉर्मवर अक्षर न् अक्षर तसाच यायला हवा. आणि राज्याचे नियम गाडी घेण्याआधी बघा. केंद्राने आत सोडलेल्या केइ ट्रकला काही राज्यं नोंदणी देत नाहीत, आणि कॅलिफोर्नियाचे उत्सर्जन नियम तर देशात सगळ्यात कडक आहेत.

प्रश्न: गाडी 26 वर्षांची आहे, पण जपानमधल्या आधीच्या मालकाने दुसऱ्या मॉडेलचं मोठं इंजिन बसवलंय. 25 वर्षं झाली म्हणजे सगळं माफ ना?

नाही, कारण इथे दोन वेगळी खाती आहेत. 25 वर्षांची सूट वाहतूक खात्याची आहे आणि ती सुरक्षा मानकांपुरती. उत्सर्जनाची सूट पर्यावरण संस्था देते. तिला 21 वर्षं पुरतात, पण गाडी मूळ, न बदललेल्या रचनेत हवी. 3520-1 फॉर्मवर या सवलतीचा कोड 'ई' आहे. इंजिन बदललेलं असेल तर ते मूळ इंजिनाच्या तोडीचं किंवा त्याहून नवं आणि अमेरिकेत प्रमाणित असावं लागतं. केवळ जपानी बाजारासाठी बनलेलं इंजिन या व्याख्येत बसवणं कठीण आहे. म्हणजे वयाने पास झालेली गाडी इंजिनाने नापास होते. घेण्याआधी इंजिन ब्लॉकवरच्या कोडचा फोटो मागवा आणि तो बॉनेटखालच्या पट्टीवरच्या इंजिन कोडशी जुळवा.

आत आल्यानंतरचं गणितही दुहेरी आहे. सुरक्षेची साधनं निकामी करायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे ती उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्तीच्या गॅरेजांना. मालकाने स्वतः घरी केलं तर ते कलम त्याला लागत नाही, राज्याचे नियम मात्र लागतात. उत्सर्जनाच्या साधनांची गोष्ट वेगळी: स्वच्छ हवा कायद्याची मनाई कोणालाही लागू आहे, त्यात मालकही आला. 'माझ्या गॅरेजात मी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला' हा बचाव चालत नाही.

किलोमीटरचा स्पीडोमीटर मैलांत बदलताना ओडोमीटर जुन्या आकड्यावर आणता आला नाही, तर तो शून्यावर आणावा लागतो. मग डाव्या दाराच्या चौकटीवर आधीचा आकडा आणि बदलाची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावायची. ती चिठ्ठी काढून टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

प्रश्न: जपानी ऑक्शन शीटवर (लिलावातल्या तपासणीच्या कागदावर) ग्रेड 'आर' आहे, आकृतीवर ए1, यू2, डब्ल्यू2, एक्सएक्स अशा खुणा आहेत. घ्यावी का?

'आर' किंवा 'आरए' म्हणजे सांगाड्याशी संबंधित दुरुस्ती झालेली गाडी. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून-रंगवून केलेली दुरुस्ती, एस गंज, सी खाऊन गेलेला पत्रा, एक्सएक्स बदललेलं पॅनेल. पुढचा आकडा तीव्रतेचा. बॉनेटवर एक्सएक्स असेल तर ठीक, पण तो रेडिएटर सपोर्टवर असेल तर पुढून जोरदार धडक बसलेली असणार. अशा वेळी पुढच्या दोन्ही चेसिस रेलचे खालून काढलेले फोटो मागा. घ्यावी का याचं उत्तर त्या फोटोंत आहे. एक नक्की, की जिथे प्रत्येक गाडी स्वतंत्रपणे तपासून मंजूर करतात अशा देशात 'आर' ग्रेडची गाडी नेणं म्हणजे जुन्या वेल्डिंगचा हिशेब आपल्या डोक्यावर घेणं.

प्रश्न: मी ब्रिटनमध्ये आहे. 12 वर्षांची जपानी गाडी येते आहे. क्रम काय, खर्च किती, आणि रस्त्यावर आणण्याआधी काय बदलावं लागेल?

गाडी पोचल्यापासून 14 दिवसांत कर खात्याच्या 'नोव्हा' यंत्रणेत तिची नोंद व्हायला हवी. त्याशिवाय नोंदणी होत नाही. तुमची गाडी 10 वर्षांवरची आहे, म्हणून वैयक्तिक मंजुरीची आयव्हीए चाचणी लागणार नाही, पण एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का याची तपासणी, लागेल. ती चासी नंबरवर करता येते. विमाही आधी चासी नंबरवर घ्या. मग व्ही55/5 फॉर्म, पहिल्या नोंदणीचे 55 पौंड, वाहनकर आणि बाकी कागद पाठवा.

खर्च असा काढा. गाडी 8,000 पौंड, वाहतूक आणि विमा 1,500, मिळून 9,500. 10 टक्के आयात शुल्क 950. आता 10,450 वर 20 टक्के व्हॅट, म्हणजे 2,090. एकूण 3,040 पौंड. जपानी उगमाचा वैध पुरावा असेल तर व्यापार कराराखाली शुल्कात सवलत मिळू शकते, म्हणून निर्यातदाराला पैसे देण्याआधीच तो पुरावा मागा.

हीच रक्कम 30 वर्षांच्या गाडीला लावून बघा: शुल्क शून्य, व्हॅट 5 टक्के, म्हणजे फक्त 475 पौंड. पण अट अशी की मॉडेलचं उत्पादन थांबलेलं हवं आणि चासी, स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन यांत मोठा बदल नसलेली मूळ अवस्था हवी. विक्रेता 'फुल्ली ट्यून्ड' म्हणून जाहिरात करतो आणि खरेदीदार तेच छापील पान कस्टम्सच्या अर्जाला जोडतो. यापेक्षा महाग जाहिरात शोधून सापडणार नाही.

बघायच्या गोष्टी तीन. स्पीडोमीटरवर मैल दिसायला हवेत. दिवे जपानमधून येताना अडचण करत नाहीत, कारण तिथेही वाहतूक डावीकडून चालते. तिसरा मागचा फॉग लॅम्प. 1 एप्रिल 1980 नंतर वापरात आलेल्या गाडीला तो लागतो आणि अनेक जपानी गाड्यांना तो नसतोच.

फॉग लॅम्प मध्यभागी किंवा उजव्या बाजूला बसवा. जमिनीपासून उंची 250 ते 1,000 मिलिमीटर, आणि ब्रेक लॅम्पपासून किमान 100 मिलिमीटर अंतर. लोक तो ब्रेक लॅम्पला अगदी चिकटवतात, मग मागच्या चालकाला ब्रेक लागलाय की फॉग हे कळत नाही. अंतराची अट त्यासाठीच आहे. डॅशवर फॉगचा निर्देशक दिवा हवाच. वायरिंगसाठी 21 वॅटचा एक बल्ब 12 व्होल्टवर जेमतेम 1.75 अँपिअर खातो, 5 अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. रिलेचा ट्रिगर हेडलाइटच्या लो-बीमवरून घ्या. पार्किंग लाइटवरून घेतला तर हेडलाइट बंद असतानाही फॉग पेटतो. अर्थिंग बंपरच्या प्लास्टिकजवळच्या रंगवलेल्या स्क्रूला देऊ नका. रंग खरवडून बॉडीच्या पत्र्याला द्या. ओलावा धरला की हाच दिवा आधी मिणमिणतो.

काचांवर फिल्म असेल तर मापून घ्या. 1 एप्रिल 1985 पासून वापरात आलेल्या गाडीत समोरच्या काचेतून 75 टक्के आणि पुढच्या दारांच्या काचांतून 70 टक्के प्रकाश आत यावा लागतो. कारखान्यातली काच स्वतःच थोडा प्रकाश अडवते, त्यामुळे 'हलकी' म्हणून विकलेली फिल्मही सहज हद्द ओलांडते.

प्रश्न: ऑस्ट्रेलियात राहतो. गाडीचे पैसे दिले, आता मंजुरीचा अर्ज करतो आहे. बोट पुढच्या आठवड्यात आहे.

बोट सोडून द्या. 2018 च्या रस्ते वाहन मानक कायद्याखाली आयात मंजुरी 'रोव्हर' या ऑनलाइन यंत्रणेवर आधी घ्यायची असते. ती हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका. पोचल्यावर 'अर्ज केलाय' हे ऐकून घेत नाहीत. इथेही 25 वर्षांचा मार्ग आहे आणि इथेही मोजणी उत्पादनाच्या महिन्यापासून होते.

त्याहून जास्त गाड्या अॅस्बेस्टॉसवर अडकतात. 31 डिसेंबर 2003 पासून त्यावर पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या गाडीत तो ब्रेकपॅड, ब्रेकशू, क्लच प्लेट, सिलिंडर हेडचं गॅस्केट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट एवढ्या ठिकाणी तरी शोधावा लागतो. हे भाग गाडी निघण्याआधी तिकडेच बदलून, नव्या भागांची बिलं आणि फोटो ठेवा. 'विक्रेत्याने नाही सांगितलं' हा पुरावा नव्हे. 1 सप्टेंबर ते 30 एप्रिल हा तपकिरी ढेकण्या किडीचा हंगाम मानतात. त्या काळात ठरावीक देशांतून येणाऱ्या मालावर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया लागते, तिचा वेळ आणि पैसा हिशेबात धरा. इंजिन-सस्पेन्शनचे मोठे बदल 'व्हीएसबी 14' संहितेनुसार आणि मान्यताप्राप्त इंजिनिअरच्या प्रमाणपत्रासह करावे लागतात. इंजिनिअरला काम सुरू होण्याआधी भेटा. झाकून टाकलेल्या वेल्डिंगवर तो सही करणार नाही.

प्रश्न: जर्मनीत 30 वर्षांवरची अमेरिकन कूपे आणून 'एच' नंबर घ्यायचा आहे. अलॉय, लोअरिंग स्प्रिंग आणि नवा सायलेन्सर लावला तर?

'एच' म्हणजे ऐतिहासिक गाडीचा नंबर. तो मिळाला की वाहनकर वर्षाला 191.73 युरो ठरलेला, इंजिन कितीही मोठं असो. मोठ्या व्ही8 ला हा फायदा फारच मोठा आहे. पण बदल त्या काळाला शोभणारे हवेत: साधारणपणे गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून 10 वर्षांच्या आत जे प्रचलित होते तेच चालतात. आजच्या फॅशनचे 20 इंची अलॉय लावून तपासणीला गेलात तर हात हलवत परत याल.

'एच' बाजूला ठेवला तरी, सुरक्षेला बाधा आणणाऱ्या, वाहनाचा प्रकार बदलणाऱ्या किंवा धूर-आवाज वाढवणाऱ्या बदलाने गाडीचा चालवण्याचा परवानाच संपतो. म्हणून सुटा भाग विकत घेतानाच त्याच्यासोबत 'एबीई' (त्या भागाची सर्वसाधारण मंजुरी) किंवा 'टाइलेगुटाखटन' (त्या भागाचा तपासणी अहवाल) हा कागद आहे का ते बघा. दुसऱ्या कागदाच्या बाबतीत बसवल्यावर लगेच तपासनीसाकडून नोंद करून घ्यावी लागते. एकट्या स्प्रिंगचा कागद आणि एकट्या चाकाचा कागद असला म्हणजे दोन्ही मिळून चालतात असंही नाही. स्प्रिंगच्या कागदात 'मूळ चाकांसह' असं एक वाक्य असतं, ते वाचा.

अमेरिकन गाडीचे मागचे इंडिकेटर अनेकदा लाल असतात, इथे ते अंबर लागतात. हेडलाइटही युरोपीय मानकाचा ई-खूण असलेला लावा.

प्रश्न: भारतात परतताना माझी 8 वर्षांची गाडी सोबत आणू शकतो का? नाहीतर इथे कमी किमतीत मिळणारी 'कार्नेवरची' किंवा आधीच आलेली गाडी घ्यावी असा विचार आहे. नंतर थोडं मॉडिफिकेशनही करायचं आहे.

8 वर्षांची नाही. वापरलेली गाडी उत्पादनापासून 3 वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे हवेत आणि आयातीपासून किमान 5 वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील याचं प्रमाणपत्र हवं. वापरलेली गाडी मुंबई बंदरातूनच आत येते. सामानाच्या सवलतीत गाडी धरत नाहीत, पूर्ण शुल्क लागतं. गंमत अशी की डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायला मोटार वाहन कायद्याची सरसकट मनाई नाही. कलम 120 ला फक्त चालू स्थितीतलं इशारा देणारं साधन हवं आहे. अडवतं ते आयात धोरण.

कार्नेवरची गाडी विकत घेऊ नका, एवढं एका वाक्यात. कार्ने म्हणजे ठरावीक मुदतीत गाडी परत देशाबाहेर नेण्याची हमी. ती इथे विकली की शुल्कमाफीची अट मोडली, आणि अट मोडलेला माल सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111 खाली जप्त होऊ शकतो. जप्ती गाडीवर येते, मग ती चालवणारा पहिला मालक असो की तिसरा. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर'मध्ये भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या, तेव्हा अनेकांना आपलं आरसी बुक किती कामाचं आहे हे कळलं. आरसी हा शुल्क भरल्याचा पुरावा नाही. विक्रेत्याकडे बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे दाखल केलेला आयातीचा कागद) आणि शुल्काचं चलन मागा, त्यांवरचा चासी नंबर बॉनेट उघडून स्वतः जुळवा. नंबरभोवतीचा रंग वेगळा दिसला, आकड्यांची ओळ वाकडी दिसली किंवा पट्टीचे रिव्हेट नवे दिसले तर तिथूनच परत फिरा.

मॉडिफिकेशनबद्दल कलम 52 स्पष्ट आहे: नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच सांगितलं. कलम 182अ खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर. रंग बदलला तर आरसीवर नोंद. काचांना पुढे-मागे 70 टक्के आणि बाजूंना 50 टक्के पारदर्शकता ठेवा.

घरातली 50 वर्षांवरची जुनी परदेशी गाडी असेल तर 2021 च्या नियमांनी व्हिंटेजची स्वतंत्र 'व्हीए' मालिका दिली आहे. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नूतनीकरणाला 5,000, मुदत 10 वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी व्हिंटेज धरत नाहीत. जीपमध्ये आजचं डिझेल इंजिन घालून 'व्हिंटेज' म्हणवून घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांनी अर्ज करण्याचे कष्ट घेऊ नयेत.

प्रश्न: ब्रिटनमध्ये विमा कंपनीला बदललेला सायलेन्सर आणि ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या संगणकातलं प्रोग्रॅमिंग बदलणं) सांगितलं नाही. अपघातात त्याचा काय संबंध?

अपघाताशी नसेल, हप्त्याशी आहे. 2012 च्या ग्राहक विमा कायद्यानुसार निष्काळजीपणाने माहिती राहिली असेल तर दावा त्या प्रमाणात कापता येतो. तुम्ही 600 पौंड भरले आणि बदल सांगितला असता तर हप्ता 900 झाला असता, तर 12,000 च्या नुकसानीचे 8,000 हातात पडतील. जाणूनबुजून लपवलं असेल तर पॉलिसीच रद्द ठरू शकते. आजच ईमेल करा. रीमॅप करणाऱ्याने दिलेला आधी-नंतरच्या अश्वशक्तीचा आलेख आणि सायलेन्सरचं बिल त्याला जोडा.